लेस्टाटला संत व्हायचं होतं

अ‍ॅन राइसच्या 'ब्लड कँटिकल' या कादंबरीच्या पहिल्याच पानावर लेस्टाट आपली इच्छा सांगून मोकळा होतो. त्याला संत व्हायचं आहे, लाखो जीवांचा उद्धार करायचा आहे. ज्यांनी या मालिकेतलं आधी काही वाचलेलं नाही त्यांना यात विशेष खटकणार नाही. पण लेस्टाटच्या संगतीत ज्यांची वर्षं गेली होती ते वाचक तिथंच थबकले. फ्रान्समधल्या ओव्हेर्न्य प्रांतातल्या एका विपन्न सरदार घराण्यातला हा मुलगा. अठराव्या शतकात त्याच्या मनाविरुद्ध त्याला कुणी व्हॅम्पायर केलं आणि तेव्हापासून तो माणसांच्या रक्तावर जगत आला. देखणा, उर्मट, हट्टी, आपल्या जमातीचा एकही नियम न पाळणारा. १९८० च्या दशकात रॉक गायक होऊन त्यानं त्या जमातीचं गुपित भर मंचावर फोडलं होतं. आणि तोच आता संतपदाची भाषा करत होता.

एवढ्यावर तो थांबत नाही. तो वाचकांशी भांडतोही. 'मेम्नॉक द डेव्हिल' या १९९५ च्या कादंबरीत त्यानं स्वर्ग आणि नरक पाहून येऊन त्याची हकीकत सांगितली होती आणि ती अनेकांना रुचली नव्हती. त्याचा हिशेब तो इथं चुकता करतो.

'ब्लड कँटिकल' २००३ च्या ऑक्टोबरमध्ये आली. 'व्हॅम्पायर क्रॉनिकल्स' मालिकेतलं हे दहावं पुस्तक, आणि हेच शेवटचं, असं सांगून ती आली. पहिलं पुस्तक १९७६ चं. म्हणजे कॉलेजात असताना ज्यांनी मालिका वाचायला घेतली, ते या निरोपापर्यंत पंचेचाळिशी ओलांडून गेले होते. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली, ते पुस्तक त्यांनी मिटलं तेव्हा मनात समाधान नव्हतं. रात्री जागून मालिकेचं शेवटचं पुस्तक संपवावं आणि सकाळी उठल्यावर काहीतरी हिरावून घेतल्यासारखं वाटावं, हा अनुभव वाचणाऱ्या माणसाला नवा नाही. आणि हे दुःख सांगायचं तरी कुणाला? घरात बोलून दाखवलं तर उत्तर मिळतं, गोष्टच तर होती. सकाळच्या या निवांत वेळी मला त्या दुःखाबद्दल बोलावंसं वाटतं, कारण ते खरं असतं असं मी मानतो.

पुस्तक निराश करणारं आहे यात मला शंका नाही. राइसच्या दोन मालिका इथं एकत्र येतात. एक व्हॅम्पायरांची आणि दुसरी न्यू ऑर्लिन्समधल्या मेफेअर घराण्यातल्या चेटकिणींची. मोना मेफेअर ही त्या घराण्यातली मुलगी बरीच वर्षं झिजत झिजत मरणाच्या दारात आलेली आहे. लेस्टाट तिला रक्त देतो आणि आपल्यातली करून घेतो. इथवर जुनी राइस थोडीफार भेटते. पुढं कथा भरकटते. टॅल्टॉस नावाच्या एका वेगळ्याच मानवी वंशाचा शोध सुरू होतो, तो जाऊन पोचतो एका बेटावर, आणि ते बेट अमली पदार्थांचा धंदा करणाऱ्यांनी बळकावलेलं असतं. ज्या लेखिकेनं एका दालनातल्या मेणबत्त्यांच्या उजेडावर पान पान खर्च केलं, आणि ते वाचताना आपण श्वास रोखून धरला, तिच्या हातून हा सगळा भाग घाईघाईत उरकला जातो. लेस्टाटच्या बोलण्यातली नजाकतही गेलेली आहे. तो त्या काळच्या पोरांच्या बोलीत बोलायला बघतो आणि ती बोली त्याच्या तोंडी बसत नाही.

असं का झालं असावं? याचं सोपं उत्तर हाताशी आहे, आणि ते मला पटत नाही. राइसचा नवरा स्टॅन राइस, कवी आणि चित्रकार, डिसेंबर २००२ मध्ये मेंदूतल्या गाठीच्या आजारानं गेला. एकेचाळीस वर्षांचा संसार होता. मालिकेतल्याच 'द क्वीन ऑफ द डॅम्ड'मध्ये प्रकरणांच्या आरंभी त्याच्याच कविता आहेत. तो गेल्यावर वर्ष पुरं व्हायच्या आत 'ब्लड कँटिकल' बाहेर आली, आणि ती त्यालाच अर्पण केलेली आहे. तेव्हा बाई दुःखात होती, म्हणून पुस्तक फसलं, असं म्हणून हा विषय मिटवता येईल. पण मालिकेचं पहिलं पुस्तक कुठून आलं होतं ते आठवलं की हा खुलासा टिकत नाही.

१९७२ च्या ऑगस्टमध्ये राइसची मुलगी मिशेल रक्ताच्या कर्करोगानं गेली. तिला सहावं वर्षही पुरं झालेलं नव्हतं. पुढच्या वर्षी राइसनं आपली एक जुनी कथा बाहेर काढली आणि काही आठवड्यांत तिची कादंबरी लिहून काढली. तीच 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर'. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका खोलीत लुई नावाचा व्हॅम्पायर एका तरुण पत्रकाराला आपली जीवनकहाणी सांगतो आहे. त्या कहाणीत क्लॉडिया आहे. पाच वर्षांची अनाथ मुलगी, सोनेरी केसांची, प्लेगनं मेलेल्या आईच्या उशाशी सापडलेली. लेस्टाट तिला रक्त पाजतो आणि ती अमर होते. रक्ताच्या आजारानं लेक गमावलेली आई रक्तानंच अमर झालेल्या मुलीची गोष्ट लिहिते, आणि लिहिताना हा धागा आपल्याला जाणवलाच नव्हता, असं ती पुढं अनेकदा सांगत असे.

मला इथं काहीतरी सापडल्यासारखं वाटतं. पहिल्या पुस्तकात दुःखानं आपलं नाव सांगितलेलं नाही. ते क्लॉडियाच्या झग्यात, तिच्या बाहुल्यांत, लुईच्या अपराधी प्रेमात शिरून बसलं आहे. म्हणूनच ज्या वाचकाला मिशेलबद्दल काही ठाऊक नव्हतं त्यालाही ते येऊन भिडलं. 'ब्लड कँटिकल' लिहिण्याच्या काळात राइसला मात्र आपल्याला काय म्हणायचं आहे ते पक्कं ठाऊक होतं. १९९८ मध्ये ती कॅथलिक चर्चमध्ये परतली होती. यापुढचं सारं लेखन ख्रिस्ताला वाहायचं असं तिनं २००२ च्या सुमारास ठरवलं, आणि 'कॉल्ड आउट ऑफ डार्कनेस' या आपल्या आठवणींच्या पुस्तकात तिनं ते मोकळेपणानं लिहून ठेवलं आहे. संत व्हायची ओढ तिची होती. ती लेस्टाटच्या तोंडून बाहेर पडली. लेस्टाटला स्वतःचं काही म्हणायचं असेल तर त्याला त्यात जागाच उरली नाही. आपलं माणूस आपल्याशी बोलताना दुसऱ्याच कुणाचे शब्द वापरू लागलं की जिवाभावाच्या माणसाला ते आधी कळतं. वाचकांना तसंच कळलं. लेस्टाटची श्रद्धा त्यांना खुपली नाही, कारण श्रद्धेचा प्रश्न या मालिकेत पहिल्या पानापासून आहे. देव असेल तर आपल्यासारखे का असतात, हे लुई कादंबरीभर विचारत फिरतो. उत्तर मिळत नाही, आणि म्हणूनच आपण त्याच्याबरोबर फिरतो. शेवटच्या पुस्तकात लेखिकेला उत्तर मिळालं होतं.

आपल्याकडच्या वाचकाला हे रक्तपिपासू प्राणी परके नाहीत. नारायण धारपांची 'लुचाई' अनेकांनी शाळकरी वयात दिवा चालू ठेवून वाचली आहे. ती स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली. 'सेलम्स लॉट' १९७५ ची, म्हणजे 'इंटरव्ह्यू'च्या आदल्याच वर्षीची. त्या वाटेवरचा व्हॅम्पायर बाहेरून येतो, गाव गिळत जातो, आणि माणसांनी त्याला शोधून संपवायचं असतं. तो मेला की गोष्ट संपते, शेवट शोधावा लागत नाही. राइसनं त्या प्राण्याला खुर्चीवर बसवलं आणि त्याला बोलतं केलं. एकदा तो बोलू लागला, त्याचं एकटेपण आपल्याला कळलं, की त्याच्या छातीत खुंटी ठोकून पुस्तक संपवण्याची सोय राहत नाही. जो मरत नाही त्याच्या गोष्टीचा शेवट करायचा कसा, हा पेच तिनं पहिल्याच पुस्तकात स्वतःसमोर मांडून ठेवला होता. सत्तावीस वर्षांनी तो तिच्यापुढं उभा राहिला.

क्लॉडियाकडं मला पुन्हा यायचं आहे, कारण माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचं मर्म तिच्यात आहे. तिचं शरीर पाच वर्षांचंच राहतं. मन मात्र वाढत जातं. दशकं लोटतात, ती वाचते, विचार करते, बाईसारखं प्रेम आणि बाईसारखा राग तिच्यात येतो, आणि तरी लोक तिला उचलून कडेवर घेतात, तिच्यासाठी बाहुल्या आणतात. ज्यांनी तिला असं केलं त्यांच्याविषयी तिच्या मनात जो संताप साचतो तो साहित्यातल्या फार थोड्या संतापांसारखा अस्सल आहे. लोकप्रिय मालिका लिहिणाऱ्या लेखकाचंही असंच होत असलं पाहिजे. मालिकेचं शरीर वाढत नाही. लेस्टाट तोच हवा, न्यू ऑर्लिन्सच्या दमट रात्री त्याच हव्यात, पहिल्या पुस्तकातला तो सूर पुन्हा ऐकू यायला हवा. आत लिहिणारी बाई पस्तिशीतून साठीत जाते. मुलगी गेल्यावर मुलगा होतो, देव हरवतो आणि पुन्हा सापडतो, नवरा जातो. आणि बाहेरून आपण सारे प्रेमानं तीच बाहुली पुढं करत असतो.

हे मी वाचकांना दोष द्यायला म्हणत नाही. मीही त्यांच्यातलाच आहे. मलाही लेस्टाट तोच हवा होता.

या निराशेनंतर जे घडलं ते मात्र दोन्ही बाजूंना दुखावणारं होतं. अ‍ॅमेझॉनवर वाचक मनातलं लिहीत होते. कुणी म्हणत होतं, हे पुस्तक दुसऱ्याच कुणी लिहिलं आहे. कुणी म्हणत होतं, संपादकानं याला हातच लावलेला नाही. सप्टेंबर २००४ मध्ये राइसनं त्याच जागी स्वतःच्या नावानं उत्तर लिहिलं. हजाराहून जास्त शब्दांचं, सलग, मध्ये एकही परिच्छेद न पाडता. आपलं प्रत्येक वाक्य आपण पुन्हा पुन्हा घासूनपुसून घेतलेलं आहे, त्यावर कुणाची कात्री चालू देणार नाही, असं तिनं त्यात बजावलं. आणि ज्यांना पुस्तक आवडलं नाही त्यांनी ते आपल्या घरच्या पत्त्यावर पाठवावं, आपण पैसे परत करू, असंही लिहिलं. सोबत पत्ता दिला.

त्या वेळी अनेकांना यात एका मोठ्या लेखिकेचा तोल गेलेला दिसला. मला त्या पत्त्यापाशी गलबलून येतं. ज्या बाईनं सत्तावीस वर्षं एक जग उभं केलं ती शेवटी लोकांना म्हणते आहे की पैसेच गेले असतील तर ते घेऊन जा. पण त्यांचे पैसे गेलेच नव्हते. जे गेलं होतं ते परत करणं तिच्या हातात नव्हतं, आणि ते त्यांच्या तक्रारीत त्यांनाही नीट मांडता येत नव्हतं. पानं जास्त झाली, भाषा सैल झाली, शेवट घाईत झाला, असे शब्द माणूस वापरतो, कारण 'माझा मित्र मला ओळख न देता निघून गेला' असं पुस्तकाच्या परीक्षणात कसं लिहायचं?

संपादकाविषयी तिनं त्याच उत्तरात सांगितलेली एक गोष्ट मोलाची आहे. 'द क्वीन ऑफ द डॅम्ड'नंतर, म्हणजे १९८८ नंतर, आपण संपादिकेला यापुढं सूचना करू नका असं सांगितलं होतं, असं तिनं लिहिलं. पहिली तीन पुस्तकं सर्वोत्तम, असं मानणाऱ्या वाचकांना यात पुरावा सापडतो. मी एवढं सरळ गणित मांडणार नाही. 'द टेल ऑफ द बॉडी थीफ' त्यानंतरची, १९९२ ची, आणि ती मला फार आवडते. पण लेखक स्वतःच्या मतांच्या अगदी जवळ गेलेला असताना, इथं पात्र बोलत नाही, तुम्ही बोलता आहात, असं सांगणारं कुणीतरी खोलीत असावं लागतं. ते काम छापून झाल्यावर हजारो अनोळखी माणसांनी केलं, आणि तोवर उशीर झाला होता.

आणखी एक दार बंद होतं. चाहत्यांनी आपली पात्रं घेऊन कथा लिहू नयेत अशी मनाई राइसनं २००० साली केली होती. तिचा तो हक्क होता आणि पात्रांवरची तिची माया त्यात दिसते. पण निराश वाचकाला स्वतःपुरता वेगळा शेवट लिहून बघण्याचा जो विसावा असतो, तो या वाचकांना उघडपणे घेता आला नाही.

शेवटच्या पुस्तकावरून वाचक आणि लेखिका यांचं बिनसणं पुढच्या काळात पुन्हा घडलं, जास्त कडवटपणे. शार्लेन हॅरिसच्या सूकी स्टॅकहाउस मालिकेची तेरावी आणि शेवटची कादंबरी 'डेड एव्हर आफ्टर' २०१३ च्या मे महिन्यात आली. शेवट त्याआधीच फुटला होता. नायिका व्हॅम्पायराला निवडत नाही हे कळताच काही चाहत्यांनी लेखिकेला धमक्याही दिल्या. अशा वागण्याचं समर्थन होऊ शकत नाही. निराश होण्याचा हक्क वाचकाला आहे, आणि पुस्तक फसलं असं स्पष्ट म्हणण्याचाही. लेखकाच्या दाराशी जाऊन त्याला भिववण्याचा हक्क कुणालाच नाही, मग प्रेम कितीही असो.

राइस २००५ मध्ये न्यू ऑर्लिन्स सोडून कॅलिफोर्नियात गेली. त्याच वर्षी तिची 'क्राइस्ट द लॉर्ड: आउट ऑफ इजिप्त' आली. त्यात सात वर्षांचा येशू स्वतःच्या तोंडानं बोलतो. म्हणजे पुन्हा एक लहान मूल, पण हे वाढणारं. ती कादंबरी मला 'ब्लड कँटिकल'पेक्षा कितीतरी सच्ची वाटते, कारण लेस्टाटच्या कपड्यांत कोंबलेली ती ओढ इथं आपल्या घरी आहे. पुढं २०१० मध्ये तिनं संघटित ख्रिस्ती धर्मापासून आपण दूर होत असल्याचं जाहीर केलं. आणि २०१४ मध्ये, शेवटच्या म्हटलेल्या पुस्तकानंतर अकरा वर्षांनी, 'प्रिन्स लेस्टाट' आली. २०१६ मध्ये एक, २०१८ मध्ये 'ब्लड कम्युनियन'. ११ डिसेंबर २०२१ ला, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, ती गेली. तिला पुन्हा न्यू ऑर्लिन्सला आणून पुरलं. 'ब्लड कम्युनियन' हे मालिकेतलं शेवटचं पुस्तक ठरलं, पण तसा शिक्का मारून ते आलेलं नव्हतं, आणि वाचताना त्याचं ओझं जाणवत नाही.

आता ही मालिका नव्यानं हाती घेणारे तरुण मला विचारतात की 'ब्लड कँटिकल' गाळली तर चालेल का. मी नको म्हणतो. त्या पुस्तकात रोवन मेफेअर आहे, डॉक्टर, विवाहित, कुटुंबाचा आणि एका मोठ्या रुग्णालयाचा भार वाहून थकलेली. लेस्टाटचं तिच्यावर प्रेम जडतं. शेवटी ती त्याच्याकडं येते आणि म्हणते, मला तुझ्यासारखं कर. ज्यानं लुईला आपल्यापाशी धरून ठेवण्यासाठी पाच वर्षांच्या पोरीला रक्त पाजलं होतं, क्षयानं मरणाऱ्या स्वतःच्या आईला व्हॅम्पायर केलं होतं, त्याला आजवर नाही म्हणणं जमलेलं नव्हतं. इथं समोरची बाई स्वतः मागते आहे आणि त्याला ती हवी आहे. तिचं जगणं आणि तिची माणसं तिची वाट पाहत आहेत हे त्याला कळतं, आणि तो नकार देतो.

संत होण्याबद्दल त्यानं पुस्तकभर केलेली बडबड मी विसरून गेलो आहे. ही पानं विसरलो नाही. त्या बेटावरचा गोंधळ, तो ओढूनताणून आणलेला विनोद, वाचकांशी झालेलं भांडण, हे सगळं ओलांडून तिथवर पोचावं लागतं. क्लॉडियाची गोष्ट आधी वाचलेली असेल तरच त्या नकाराची किंमत कळते, म्हणून मी त्यांना पहिल्या पुस्तकापासून क्रमानं यायला सांगतो.